मऊ गाडी

बाबांना मागून बसलेली गाडी बघवत नाही. कुणाच्या लग्नाला गेले तरी मांडवात शिरायच्या आधी बाहेर लागलेल्या गाड्यांच्या पाठी बघत फिरणार. "हेचे पाटे गेले." "हो मेलो घाटात मोडतलो." नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी असली तरी सोडायचे नाहीत. आई धडधाकट होती तेव्हा त्यांच्या सदऱ्याची बाही धरून त्यांना पंगतीला ओढून न्यायची आणि वर सुनावायची, "गाडयेच्या पाठी बघान पोट भरला काय?"

कुडाळहून मालवणला येताना धामापूर सोडलं की थोडं पुढे आमचं पाट्यांचं दुकान लागतं. दुकान म्हणायचं आपलं. चिऱ्याचे चार खांब, वर पत्रा, पुढे ऑइल पिऊन काळी झालेली जमीन आणि मागे लागूनच आमचं घर. पाटे म्हणजे ट्रक-टेम्पोच्या चाकांवर असते ती पोलादी पट्ट्यांची कमान. सगळ्यांत लांब पट्टी वर, खाली एकेक आखूड होत गेलेली. गाडीचं सगळं ओझं त्या कमानीवर. ती सरळ झाली की गाडी बसते. मग कमान उतरवायची, घणाने ठोकून ठोकून तिला परत बाक द्यायचा आणि चढवायची. हे काम आजोबांनी केलं, मग बाबांनी केलं. त्यांना मुलगा नाही. मी एकटी.

आमच्याकडे येतात ते चिरेखाणीचे ट्रक आणि मासळीचे टेम्पो. गाडीच्या कागदावर लिहिलेलं वजन ही आमच्या भागात नुसती सुरुवात समजतात. म्हणून आजोबांनी एक रिवाज पाडला. गाडी कसलीही असो, मालकाने मागो न मागो, आपल्या दुकानातून ती एक पाटा जास्तीचा घेऊनच बाहेर पडणार. आमचा लौकिक तोच. मेस्त्रीकडे गेलेली गाडी परत बसत नाही, असं लोक सांगतात, आणि खरंच बसत नाही. बसणार कशी? हलतच नाही! चाक खड्ड्यात गेलं की धक्का सरळ कवटीत. पण चिऱ्याला कुठे कवटी असते, आणि मेलेल्या सुरमईला काय कळतंय?

तोच जास्तीचा पाटा बाबांनी घरच्या व्हॅनलाही घालून ठेवला होता. लोखंड आणायला लागतं म्हणून. लहानपणी त्या व्हॅनमधून मालवणला जत्रेला जायचं म्हणजे जाताना खाल्लेलं येताना सांभाळायचं, एवढंच मला आठवतं.

मी पुण्याजवळ चाकणला एका कारखान्यात होते. गाडीला बसणारे धक्के मोजायचे, स्प्रिंग किती दबते, किती वेळाने शांत होते ते बघायचं, असं काम. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे गाडी हलयतंस आणि बघत बसतंस? तेचो पगार गावता?" गावत होता. आणि काम मला मनापासून आवडायचं. खोली माझी, किल्ली माझी, रविवारी दुपारपर्यंत लोळलं तरी विचारणारं कोणी नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझं काय चाललं होतं ते कळेल. मला तिथे परत जायचं होतं. दुसरं काही नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आई विहिरीकडच्या शेवाळावर घसरली. मणक्याची हाडं दबली. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, ऑपरेशन नको. पट्टा लावा, पडून राहू दे, आणि मग कुडाळला व्यायामाला आणत जा. तिथे यंत्रं आहेत, शिकवणारी बाई आहे. चालेल त्या. फक्त वाटेत धक्का बसता कामा नये.

आता काय बोलायचं? धक्का बसता कामा नये, आणि गाडी आमची!

मी रजा काढून आले होते. पहिल्यांदा आईला व्हॅनमध्ये गादीवर निजवून निघालो तेव्हा बाबा गाडी हाकत होते आणि मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. धामापूरच्या अलीकडेच एका खड्ड्यात मागचं चाक गेलं. आई जी ओरडली, तसं ओरडणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. "थांबय गो! मेलंय मी, थांबय!" बाबांनी गाडी थांबवली. तिथूनच परत फिरलो. घरी आल्यावर आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माका पुन्ना ह्या गाडयेत घालू नको. हंयच मरांदे."

त्यानंतर ती कुठल्याच गाडीत बसेना. रिक्षाचं नावच काढायला नको. अॅम्ब्युलन्स आणली तर दारातूनच परत पाठवली. मग राहिलं काय? मी. मोबाइलवर बघून बघून तिचे पाय मी वर-खाली करायचे. अंघोळ मी घालायची, केस मी विंचरायचे, पेज मी द्यायची. बाबांचा खांदा घण मारून मारून गेलेला, म्हणून दुकानातही मीच. कंपनीतले साहेब भले होते. म्हणाले, जागा धरून ठेवतो जमेल तितकी. संध्याकाळी पुण्याची बस आमच्या दुकानासमोरून जायची. तिच्या आतला निळा दिवा दिसला की माझ्या हातातला पाना गळायला व्हायचा. चुलीसमोर उभी असले की वाटायचं, ह्या घराला दार आहे, पण ते फक्त आत यायला आहे.

आणि कुणावर चिडणार? आईवर? ती खाटेवर. बाबांवर मात्र मी यथेच्छ चिडायचे. तेवढी एक सोय होती.

एकदा जेवताना मी स्पष्टच सांगितलं, "बाबा, आये कुडाळाक जाऊक लागली, चलाक लागली, की मी पुण्याक जातलंय."

"जा मगे," बाबा ताटातलं माशाचं हाड काढत म्हणाले. "मी खंय तुका बांधून घातलंय?"

ठरलं तर. गाडी मऊ झाली की आई जाणार, आई गेली की चालणार, चालली की मी सुटणार. पुण्यात जे काम मी पगारासाठी करायचे, तेच आता स्वतःच्या सुटकेसाठी करायचं होतं.

पहिल्या दिवशी मी व्हॅनचा जास्तीचा पाटा काढला. बाबा अंगणातून धावत आले. "तुझ्या आजयापासून चलत इला हा! घराचो वासो कोण काढता काय?" मी म्हटलं, हा वासा आईच्या पाठीत घुसतोय. त्या पाट्याला त्यांनी पुसून तेल लावून भिंतीला उभं केलं. मग मी अजून एक काढला, आणि अजून एक. गाडी मऊ झाली, पण अशी डुलायला लागली की वळणावर दारूड्यासारखी एका बाजूला कलायची आणि मोठ्या खड्ड्यात तर खालून आपटायची. आपटली की धक्का पहिल्यापेक्षा वाईट. बाबांचा चेहरा खुलला. "बघलंस? पाटो तो पाटो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पाना आपटला आणि बाहेर येऊन बसले. तिथे मासळीवाले चाचा त्यांच्या टेम्पोचे पाटे घट्ट करून घ्यायला आले होते. चाचा म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक, मालवणच्या बंदरावरून मासळी उचलून घाटावर पोचवणारे. त्यांनी सगळं भांडण ऐकलेलं.

"काय गो बाय, गाडी करतंस काय पाळणो?"

"पाळणोच करूचो आसा, चाचा."

"मगे वैभववाडीक जा. घाटाखाली भंगारात एक ट्रेलर मोडान पडलो हा. तेच्या केबिनीखाली रबराचे फुगे आसत, हवा भरलेले. ड्रायव्हर वर बसान डुलता, तेका घाट कळणा नाय."

मी कपाळावर हात मारला. चाकणला असले बलून मी शेकड्यांनी दाबून बघितले होते, पण ते डोक्यात आले नाहीत. आमच्या दुकानात बसलं की माणूस पाट्यांचाच विचार करतो. दुसऱ्याच दिवशी चाचांच्या टेम्पोतून वैभववाडीला गेले आणि दोन बलून घेऊन आले, नारळाएवढे, काळे, चिरा न गेलेले. बाबांनी एक हातात घेऊन दाबला.

"फुग्यार गाडी? जत्रेत इकतत ते?"

पण बलून नुसता बसवून भागत नाही. पाटा दोन कामं करतो. ओझं उचलतो आणि चाकांचा दांडा जागच्या जागी धरूनही ठेवतो. बलून फक्त ओझं उचलतो. दांड्याचं तो काहीच बघत नाही. म्हणून सगळ्यांत वरचा एक लांब पाटा ठेवावाच लागला, आणि त्याच्यावर बलून. दांडा डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवी सळई जोडली. मला हे तांत्रिक कारणाने करावं लागलं, पण बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, "फुगो बसलो हा तो माझ्या पाट्यार." सांगू देत. मला भांडायला वेळ नव्हता.

तयार झाल्यावर चाचणी कशी घ्यायची? आईवर घेणार नव्हते मी. मधली सीट काढून तिथे अरुंद बाकडं पक्कं केलं होतं, त्यावर गादी घातली आणि बाबांना म्हटलं, निजा. कुरकुरत निजले. मी मुद्दाम खाणीकडचा रस्ता धरला, जिथे ट्रकवालेसुद्धा देवाचं नाव घेतात. भरपूर फिरवून घरी आणलं आणि मागचं दार उघडलं. बाबा घोरत होते.

त्यांना हलवून उठवलं. डोळे चोळत खाली उतरले, गाडीच्या पाठी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बसकी दिसता पण."

हसावं की रडावं! मी हसले. त्या दिवशी मी इतकी खूश होते की त्यांना दोन वेळा चहा करून दिला. मनातल्या मनात बॅग भरायलाही घेतली होती.

एक गोष्ट मात्र होती. बलूनमध्ये हवा किती, हे दर खेपेला बघावं लागायचं. आई एकटी असेल तर कमी, सोबत तिची चाकांची खुर्ची आणि माणसं असतील तर जास्त. जुने बलून, हळूहळू हवा सोडायचे. मी बाबांना काटा दाखवला, कुठे किती हवी ते खडूने व्हॅनच्या आत लिहिलं. बाबांनी बघून न बघितल्यासारखं केलं. "ह्या हवेचा माका समजणा नाय." माणूस तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून सांगतो की आता घण मारू नको, आणि त्याला हवेचा काटा समजत नाही? मी समजावलं, परत समजावलं, शेवटी ओरडले. समजत नाही म्हणजे नाही.

आईला पहिल्यांदा न्यायच्या सकाळी बाबांनी नारळ आणला. आमच्याकडे नवीन कशाचीही सुरुवात गाऱ्हाणं घातल्याशिवाय होत नाही. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर मोठ्याने घातलेलं साकडं. एकाने मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "होय म्हाराजा" म्हणायचं. आम्ही चालायला शिकतो त्याच सुमाराला हेही शिकतो. शेजारी जमले, चाचाही टेम्पो बाजूला लावून आदबीने उभे राहिले. आई आत बाकड्यावर निजलेली, दार उघडं. बाबांनी डोक्यावर टोपी ठेवली, नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान नवीन कायतरी केल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"घरची लक्ष्मी ह्या गाडयेत बसान जाता हा, तिका सुखरूप व्हर आणि सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"कोणाची वायट नजर लागली आसात ती दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि ह्या काम जिच्या हातान सुरू झाला, तिच्याच हातान, ह्याच दुकानात, कायम चलांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यांत खणखणीत आवाज माझा होता. नारळ फुटला, पाणी उडालं आणि तेव्हा कुठे मी काय बोलले ते माझ्या डोक्यात शिरलं. चाचा माझ्याकडे बघून मिश्कील हसले. "झाला बाय, तुझी सही झाली."

"बाबा, ह्या काय घातलास तुमी गाऱ्हाण्यात?"

"काय घातलंय? बरा ता मागलंय. तू होय म्हटलंस मा?"

"सवयीन म्हटलंय!"

"सवयीन म्हटलेला देव धरणा नाय काय?" आणि खोबऱ्याचे तुकडे वाटत ते पुढे गेलेसुद्धा.

शिरा पडो त्या सवयीवर! बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. मी देव मानते की नाही मला माहीत नाही. पण आमच्या गावात चार माणसांत देवाला दिलेला शब्द कोणी हसण्यावारी नेत नाही, तो मोडल्यावर घरात साधी शिंक आली तरी बोट आपल्याकडेच येतं. शेजारीण तर तिथल्या तिथे आईला म्हणाली, "बरा झाला, चेडू आता हंयच रवतला." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मी दार लावलं, जरा जोरातच.

पण त्या प्रवासाचं खोटं कशाला सांगू, तो प्रवास फार सुंदर झाला. बाबा गाडी हाकत होते, मी आईजवळ. तिने माझं मनगट असं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. जुन्या खड्ड्याची जागा आली तशी तिने डोळे मिटले.

"खड्डो इलो काय गो?"

"इलो आणि गेलो."

"खोटा."

"शप्पत."

तिने डोळे उघडले, मान उचलून मागे रस्ता बघितला आणि मग हसायला लागली. हसता हसता रडली. "होडयेत बसल्यासारख्या वाटता," म्हणाली. पुढे बाबांचे खांदे हलत होते. ते रडत होते की हसत होते हे मी विचारलं नाही.

मग आम्ही नेमाने कुडाळला जायला लागलो. आधी आई धरून उभी राहायला लागली. मग वॉकर घेऊन चार पावलं, मग खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकाला. व्यायाम शिकवणारी बाई म्हणायची, "काकू, तुम्ही तर पळायला लागाल." हवा भरायची, काटा बघायचा, गाडी हाकायची, हे सगळं आता माझ्याकडेच आलं होतं, कारण बाबांना दुकान सोडवत नव्हतं. आणि दुकानात काय होतं? बलून! चाचांनी आपल्या टेम्पोला बसवून घेतले, म्हणे बर्फ फुटत नाही आणि पापलेटाला वळ उठत नाहीत. त्यांनी बंदरावर सांगितलं, बंदरावरून सगळीकडे झालं. माणसं गाडी लावून बाबांना विचारायची, "बाय खंय आसा?" बाबा पुढे खुर्ची टाकून मालकासारखे बसायचे. आणि एक दिवस माझ्या कानांवर विश्वास बसेना. एका गिऱ्हाइकाला बाबा सांगत होते, "दोन कशाक? एक बलून जास्तीचो घाल. आमच्याकडे तसो रिवाज आसा."

मी नवीन काहीतरी केलं म्हणून टेंभा मिरवत होते. वर्ष उलटायच्या आत बाबांनी त्याचा रिवाज करून टाकला होता, आणि त्या रिवाजाला राबायला मी.

मी ठरवलं, देव आणि बाबा दोघांनाही बघून घेऊ. एकदा कुडाळहून परतताना, आई पाठीमागे उशीला टेकून बसली होती तेव्हा, मी आरशातून तिच्याकडे बघत म्हटलं, "आये, गाऱ्हाण्याचा मी काय ऐकूचंय नाय. तू वॉकर सोडलंस की मी पुण्याक जातलंय. थंय जागा धरून ठेवली हा माझी. तू फक्त चल."

"जातलंस मगे?"

"जातलंय."

"बरा," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

त्यानंतर आईचे पाय थांबले. वॉकर घेऊन चार पावलं टाकायची आणि बसायची. मग उभं राहणंही नको म्हणायला लागली. पुन्हा खुर्ची, पुन्हा अंघोळ मी घालायची, अंबाडा मी बांधायचा, कारण हात वर केला की पाठीत कळ येते. कुडाळची बाई बुचकळ्यात पडली. "काकू, पायांत जोर आहे. मग अडतंय कुठे?" आई तिच्याशी शुद्धात बोलायची. "भीती वाटते हो." बाईने मला बाजूला घेऊन सांगितलं, धीर द्या त्यांना. मी धीर देत राहिले. पुण्याहून फोन यायचा, मी सांगायचे, थोडे दिवस अजून, बस थोडेच. रात्री उशीत तोंड खुपसून मी त्या हाडांना शिव्या द्यायचे.

फाल्गुनात एकदा परतताना आई म्हणाली, "धामापुराक थांब गो. भगवतीक फुला घालून ये. मी हंयच बसतंय, माझ्याच्यान काय उतरूक होवचा नाय."

मी व्हॅन तळ्याच्या वरच्या अंगाला झाडाखाली लावली, वारा यावा म्हणून बाजूचं दार सरकवून ठेवलं आणि फुलं घेऊन पायऱ्या उतरून तळ्याकाठच्या भगवतीच्या देवळात गेले. पुजारी कुठे गेले होते, म्हणून फुलं उंबऱ्यापाशी ठेवून लगेच परत निघाले. पायऱ्या चढून वर येतेय तोच समोर, लांबवर, आमची व्हॅन मला मागून दिसली. आणि ती वर उचलली गेली.

पाट्यांच्या गाडीत हत्ती चढला-उतरला तरी पाठीला पत्ता लागत नाही. पण बलूनच्या गाडीत माणूस हलला तरी पाठ सांगते. आमच्या व्हॅनची पाठ सरळ वर आली होती. दोन बोटं चांगली. म्हणजे गाडीत कोणी नव्हतं.

मी झाडामागे थांबले. दाराच्या बाजूने आई आली. वॉकर नाही, काठी नाही. हात धरायला कोणी नाही. अनवाणी, कारण न चालणाऱ्या बाईला चपला कशाला म्हणून त्या घरीच होत्या. हळू, पण सरळ चालत ती तळ्याकडच्या चिऱ्याच्या बांधापर्यंत गेली. तिथे उभी राहून पाण्याकडे बघितलं. मग दोन्ही हात वर केले, मी सकाळी घातलेला अंबाडा सोडला, केस झटकले आणि परत घट्ट बांधला. तिला माझा अंबाडा कधी आवडलाच नव्हता.

मला हाक मारायची होती. सगळ्या धामापूरला ऐकू जाईल अशी. आये, काय ह्या? किती दिवस? मी तुझ्यासाठी हात काळे केले, साहेबांची मनधरणी केली, आणि तू चालतेस? पण हाक मारली नाही. कारण ती वळली आणि तिचा चेहरा दिसला. चोरी करून परत निघालेल्या माणसाचा असतो तसा, घाबराघुबरा. ती पटपट गाडीकडे गेली. मुलगी यायच्या आत. पुण्याला जायला निघालेली मुलगी यायच्या आत.

व्हॅनची पाठ खाली बसेपर्यंत मी झाडामागून हलले नाही. मग वाळकी पानं पायांनी मुद्दाम वाजवत गेले.

"किती वेळ गो? बसान बसान पाठ गेली माझी."

"पुजारी नाय होते. रवलंय."

दुकानासमोर गाडी लावली. बाबा खुर्ची ढकलत आले, दारातून वाकले आणि नेहमीसारखं विचारलं, "आज काय म्हणतत पाय?" मी आईला उचलायला वाकले आणि तिचे तळवे दिसले. लाल माती लागली होती, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मी तिच्या मांडीवरची शाल ओढून पायांवर घातली आणि चांगली खोचली. आईने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"तसेच आसत," मी म्हटलं.

तिने माझ्या गळ्यात हात टाकले, आणि मी तिला उचललं. ती हल्ली जड झाली होती. मला तिचा राग आला होता, इतका की दात दुखत होते, आणि तिला खाली ठेववतही नव्हतं.

संध्याकाळी पुण्याहून साहेबांचा फोन आला. म्हणाले, आता शेवटचं विचारतोय, जागा भरावी लागेल, आईचं काय? आई समोरच खाटेवर होती, पायांवर शाल, नजर माझ्या तोंडाकडे. बाहेर कुणीतरी बाबांना विचारत होतं, बाय खंय आसा.

मी साहेबांना सांगितलं, आई अजून चालत नाही.